एलएस इंजिन टाकलेली जुनी कमॅरो ट्रॅफिकमध्ये तापली की बंद का पडते?

जुन्या शेव्हरोलेत (शेव्हीत) जीएमचं, म्हणजे जनरल मोटर्सचं, नव्या काळातलं एलएस व्ही-८ इंजिन टाकलं, की लक्षणं जवळपास सगळ्यांची सारखीच असतात. सकाळी गाडी एका किल्लीत सुरू होते. हायवेवर तासभर पळवा, काही तक्रार नाही. मग कुठेतरी सिग्नलच्या रांगेत अर्धा तास रांगत काढला की आयडल डुगडुगायला लागतं, ॲक्सिलरेटर दिला तरी गाडी उचलत नाही, दोन-चार आचके देते आणि बंद. बॉनेट उघडून थोडा वेळ उभं राहिलं, की जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात पुन्हा सुरू. डेट्रॉईटच्या उत्तरेला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांचा जो मेळा भरतो, तिथे हा प्रकार हमखास पाहायला मिळतो. भर उन्हात मैलोन्‌मैल बंपरला बंपर लावून रांगायचं, म्हणजे या दुखण्याला याहून चांगली परीक्षा नाही.

मी इथे गृहीत धरतोय की गाडी १९६७ ते ६९ ची कमॅरो किंवा १९६८ ते ७२ ची शेव्हेल आहे, आणि आत कॉर्व्हेट-कमॅरोमधलं ५.७ लिटरचं एलएस-१ किंवा भंगारातल्या सिल्व्हेराडोतून काढलेलं ५.३ लिटरचं लोखंडी ब्लॉकचं इंजिन आहे, जीएमच्याच कॉम्प्युटरवर चालणारं. पॉन्टिॲक, नोव्हा वगैरेंना यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू पडतं.

गाडी बंद पडली की लोक काय करतात? कॉइल बदलतात. मग ऑक्सिजन सेन्सर. मग कोणीतरी सांगतं ट्यून (कॉम्प्युटरमधली इंजिनाची सेटिंग) चुकलंय, म्हणून कॉम्प्युटर काढून पाठवून देतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अहो, याच इंजिनाने ट्रकमध्ये ट्रेलर ओढत टेक्सासचे उन्हाळे काढलेले असतात, तेही याच कॉइलवर. बदललंय ते भोवतीचं: टाकी, पेट्रोलची नळी, वायरिंग, अर्थिंग. हे सगळं पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी ज्या इंजिनासाठी बनवलं होतं, त्याला कार्बोरेटरपाशी ५ ते ७ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाचं पेट्रोल आणि एका कॉइलपुरती वीज मिळाली की ते खूश असायचं. तुमच्या नव्या इंजिनाला ५८ पीएसआय लागतो, आणि आठ कॉइल, आठ इंजेक्टर, पंप आणि दोन पंखे यांना पुरेल एवढा करंट. म्हणून तपास गाडीच्या जुन्या अर्ध्यातून सुरू करायचा. इंजिनाकडे शेवटी वळायचं.

मरते कशी, ते आधी बघा

पेट्रोल कमी पडून बंद होणारं इंजिन तडफडत जातं. आरपीएम वरखाली होतात, इनटेकमधून (हवा आत जाते तिथून) एखादा फुसका बार येतो, अर्धं मिनिट झगडून मग थांबतं. वीज किंवा क्रँक सेन्सर (क्रँकशाफ्टचं फिरणं कॉम्प्युटरला कळवणारा) गेल्यामुळे बंद होणारं इंजिन बटण दाबल्यासारखं जागच्या जागी गप्प होतं. एवढ्यावरून निम्मा गोंधळ संपतो. शेजारी कोणाला तरी बसवून स्कॅनर चालू ठेवता आला तर आणखी चांगलं. पी-०१७१ आणि पी-०१७४ हे कोड दिसले तर सिलिंडरच्या दोन्ही रांगा (बँका) पेट्रोलवाचून कोरड्या चालल्यात. पी-०५६२ म्हणजे व्होल्टेज पडलंय. पी-०३३५ किंवा ०३३६ आला तर क्रँक सेन्सरकडे बघा.

गार असो वा गरम, गाडी सुरू होऊन दर वेळी एक-दोन सेकंदांत मरत असेल, तर हे दुखणंच नाही. मूळ गाडीची चोरी-प्रतिबंधक व्यवस्था कॉम्प्युटरमध्ये अजून जिवंत आहे, ती ट्यूनमधून बंद करून घ्या. हा लेख तुमच्यासाठी नाही.

काचेवर प्रेशर गेज

इंधनाचा संशय असेल तर अंदाज बांधत बसू नका, गेज लावा. इंजेक्टरच्या रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याला लांब होजचा गेज जोडायचा, होज बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढायची आणि गेज वायपरच्या पात्याजवळ काचेला बाहेरून टेपने चिकटवायचा. बाहेरूनच. दाबाखालचं पेट्रोल केबिनमध्ये आणायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. होज हेडरपासून (तापणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्यांपासून) लांब बांधा आणि अग्निशामक सीटशेजारी ठेवा.

किल्ली फिरवली की कॉम्प्युटर पंपाला दोन सेकंद चालवतो. काटा ५८ च्या आसपास गेला पाहिजे. दाब ठरवणारा रेग्युलेटर रेलवर असेल आणि त्याला व्हॅक्यूमची नळी असेल (२००३ पर्यंतच्या ट्रकांच्या रेलवर तो तसाच असायचा), तर आयडलला काटा आठ-दहा पीएसआय खाली दिसतो. ते बरोबर आहे, घाबरू नका. मग टाकी पाव भरलेली ठेवून, एसी लावून, मुद्दाम गर्दीच्या वेळी गाडी बाहेर काढा.

पुढे जे दिसतं ते एकदा पाहिलं की विसरत नाही. बराच वेळ काटा ठोकून बसवल्यासारखा स्थिर असतो. मग तो थरथरायला लागतो, अगदी बारीक. त्याच वेळी मागून पंपाचा आवाज बदलतो: एकसुरी गुणगुण जाऊन ग्लासाच्या तळाशी सरबत संपताना स्ट्रॉमधून येते तशी खुरखुर. काटा ५० वर येतो, ४२ वर येतो, आयडल डुगडुगायला लागतं. तुमचं इंजिन अजून ठणठणीत आहे. पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढतोय.

पेट्रोल उकळतं कुठे?

जुन्या गाड्यांत मेकॅनिकल पंप इंजिनावर बसायचा आणि टाकीपासून पुढपर्यंतची अख्खी नळी ओढीखाली असायची. म्हणून त्या काळी नळी पुढे तापली की वाफ धरायची आणि लोक तिला लाकडी कपड्यांचे चिमटे लावायचे. आजही एलएस टाकलेल्या गाडीत बॉनेटखाली असे चिमटे दिसतात. शोभेला ठीक आहेत. इलेक्ट्रिक पंपाच्या पुढे पेट्रोल ५८ पीएसआयखाली असतं, त्या दाबाखाली ते बॉनेटमधल्या उष्णतेने सहसा उकळत नाही. उकळतं ते ओढणीच्या बाजूला, म्हणजे टाकी आणि पंप यांच्यामधल्या हात-दोन हात नळीत. इन-लाइन पंप ढकलण्यात पैलवान असतात, पण ओढण्यात कच्चे. पंप चॅसीला टाकीच्या वरच्या पातळीवर बसवला असेल, तर पेट्रोल वर ओढताना नळीतला दाब उतरतो, दाब उतरला की उत्कलनबिंदू उतरतो, आणि आधीच कोमट झालेलं पेट्रोल तिथेच वाफ धरतं.

आणि ते कोमट का झालं? हिशोब करून बघा. आयडलला इंजिन तासाला दोन-तीन लिटर पितं. पंप मात्र तासाला २५५ लिटरचा म्हणून विकत घेतलेला असतो. रेग्युलेटर पुढे रेलवर असेल, तर बाकी सगळं पेट्रोल हेडरशेजारून, तापलेल्या इनटेकवरून फेरफटका मारून टाकीत परत येतं. कमॅरोची टाकी १८ गॅलनच्या आसपास, म्हणजे अडुसष्ट-सत्तर लिटर. तासाभरात भरलेली टाकीसुद्धा तीन-साडेतीन वेळा इंजिनापाशी जाऊन येते. पाव टाकी असेल तर विचारूच नका. त्यात पहिल्या पिढीच्या कमॅरोचा मूळ मफलर आडवा, टाकीला खेटून असायचा. ज्यांनी अजून तोच ठेवलाय त्यांची टाकी खालून शेकते आणि आतूनही.

हायवेवर हे होत नाही, कारण खालून वारा लागतो आणि इंजिन पेट्रोल पटापट संपवतं. मे महिन्यातल्या पहिल्या कडक उन्हात मात्र हमखास होतं. हिवाळी पेट्रोल जास्त लवकर वाफ धरणारं असतं, आणि अमेरिकेत पेट्रोल पंपांवर उन्हाळी पेट्रोल असायची सक्ती १ जूनपासून लागू होते. इथनॉल मिसळल्याने वाफेचा दाब आणखी थोडा वाढतो. तेव्हा ‘गेल्या ऑगस्टमध्ये चालली होती, आता मेमध्ये का बंद पडते’ याचं उत्तर कधी कधी टाकीतल्या पेट्रोलातच असतं.

उपायांत माझं मत स्पष्ट आहे: पंप टाकीत टाका. आतून गाळे पाडलेली आणि पंपासकट येणारी तयार टाकी या गाड्यांसाठी सहज मिळते. पेट्रोलात बुडलेल्या पंपाला ओढावं लागत नाही, नुसतं ढकलायचं असतं. गाळ्यांमुळे वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप कोरडा पडत नाही. बाहेरच्या पंपाने पैसे वाचतात असं वाटतं, पण नंतर टो-ट्रकला दिलेले त्यात धरा. एक मात्र बघा, टाकीच्या आत पंपाला जोडणारी होज पेट्रोलात बुडून राहण्यासाठीच बनवलेली हवी. तिच्यावर ३०-आर-१० असं छापलेलं असतं. साधी होज आत टाकली तर ती बाहेरून फुगते, चिरते, आणि दाब टाकीतल्या टाकीतच गळतो. हे दुखणं बाहेरून अगदी वाफेसारखंच दिसतं. ओळखायची खूण अशी की गाडी गार असतानासुद्धा काटा ५८ ला पोचत नाही, आणि किल्ली बंद केल्याबरोबर धपकन खाली येतो. बाहेरच्या बाजूला, दाबाच्या नळीसाठी निदान ३०-आर-९. कार्बोरेटरची ३०-आर-७ होज ५० पीएसआयची असते. ती ५८ वर लावणं म्हणजे आगीला आमंत्रण.

दुसरा उपाय, पहिल्याच्या जोडीला: रेग्युलेटर मागे आणा. सी-५ (पाचव्या पिढीच्या) कॉर्व्हेटमधला फिल्टर-कम-रेग्युलेटर यासाठी फार वापरला जातो. तो आतूनच ५८ पीएसआयला बांधलेला असतो. टाकीजवळ तो बसवला की जास्तीचं पेट्रोल तिथूनच मागे फिरतं आणि पुढे एकच नळी जाते. इंजिनाला हवं तेवढंच पेट्रोल बॉनेटखाली जातं, बाकीचं गार राहतं.

पंप बाहेरच ठेवायचा असेल तर निदान टाकीच्या तळाच्या पातळीखाली बसवा, आणि त्याच्या आधी जाड जाळीचा, १०० मायक्रॉनचा फिल्टर लावा. बारीक १० मायक्रॉनचा पंपानंतर. उलटं लावलेलं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. बारीक फिल्टरमधून ओढायला लावलं की कोणताही पंप दम टाकतो. टाकीतल्या जुन्या सेंडिंग युनिटच्या (पेट्रोलची पातळी सांगणाऱ्या भागाच्या) टोकाची जाळीही काढून बघा, ती कित्येकदा गंजाच्या गाळाने चोंदलेली असते.

हे सगळं करण्याआधी एक फुकटची चाचणी. गाडी बंद पडली की लगेच टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा आला तर टाकीला श्वास घ्यायला जागाच नाही. यातल्या बहुतेक गाड्यांची मूळ झाकणं हवा घेणारी असायची, आणि कोणीतरी चकचकीत नवं बंद झाकण लावलेलं असतं. झाकण बदला, घरी जा.

काटा स्थिर, तरी बंद: मग वीज

गेज ५८ वर ठाम असताना गाडी मेली, किंवा पंखे चालू झाल्याबरोबर काटा पडला, तर मीटर बाहेर काढा. दुसरा प्रकार फसवा आहे. गाडी तापते, कॉम्प्युटर दोन्ही पंखे लावतो, ते तीस-चाळीस ॲम्पिअर ओढतात, व्होल्टेज बसतं, पंप मंदावतो, दाब पडतो. लोकांना वाटतं उष्णतेने बंद पडली. खरं तर पंख्यांनी बंद पाडली. गाडी गार असताना स्कॅनरने किंवा थेट वायर देऊन पंखे लावा आणि पंपाच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. इंजिन चालू असताना तिथे साडेतेराच्या जवळपास पाहिजे. बाराच्या खाली दिसलं तर चोर सापडला.

मग वायरीत व्होल्टेज कुठे खाल्लं जातंय ते शोधायचं. मीटरला एक लांब वायर जोडा, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पंपाच्या प्लसला, पंप चालू. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर बारीक आहे किंवा मधला जोड सडलाय. पंपाचा रिले मागे, पंपाजवळ बसवा आणि त्याला बॅटरीपासून १० गेजची स्वतंत्र वायर द्या, बॅटरीजवळच फ्यूज घालून. जुन्या फ्यूजबॉक्समधून पंपाचा करंट नेऊ नका. फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरचा) त्याचा जोड उघडून बघा, पिना चहाच्या रंगाच्या झालेल्या दिसतील.

मायनसची बाजू तशीच मोजा, बॅटरी मायनस ते पंप मायनस. इथे कमॅरोची एक खोड आहे. तिचा पुढचा सबफ्रेम बॉडीला रबरी बुशिंगवर बसतो. शेव्हेलमध्ये तर अख्खी बॉडीच फ्रेमवर रबरावर असते. बॅटरीचा मायनस इंजिनाला आणि फ्रेमला लावून लोक निश्चिंत होतात, पण पंप आणि पंखे अर्थिंग घेतात बॉडीवर, आणि मधे रबर. भरीला नव्या माउंटवर पावडर कोटिंग. इंजिन ते फ्रेम, फ्रेम ते बॉडी आणि इंजिन ते फायरवॉल अशा जाड पट्ट्या टाका, बोल्टखालचा रंग धातू चमकेपर्यंत खरवडून.

आणखी एक सापळा. साठच्या दशकातल्या शेव्हीत फायरवॉलपासून इग्निशन कॉइलकडे जाणारी वायर साधी नसते. ती मुद्दाम रोध असलेली असते, जेणेकरून कॉइलला पूर्ण बारा व्होल्ट मिळू नयेत. कॉम्प्युटरला किल्लीचा करंट हवा असतो (जीएमच्या वायरिंगमध्ये ती गुलाबी वायर, कायम जिवंत असते ती नारिंगी), आणि हाताशी ही कॉइलची वायर असते, म्हणून ती जोडून टाकतात. मीटर लावला तर त्यावर बारा व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट ओढतच नाही. खरा भार पडला की तीच वायर आठ-नऊवर येते. खूण म्हणजे स्टार्टर फिरत असताना इंजिन पेट घेतं आणि किल्ली सोडली की मरतं, कारण स्टार्टर देताना या गाड्यांत सोलेनॉइडकडून पूर्ण व्होल्टेज मिळतं. उलट, स्टार्टर फिरताना काहीच होत नाही आणि किल्ली सोडताना इंजिन पेट घेतं, असं असेल तर गुलाबी वायर ॲक्सेसरीच्या टोकावर आहे, जे स्टार्टर देताना बंद होतं. दोन्हीला उपाय एकच: किल्लीच्या स्विचचं ‘इग्निशन’ टोक एका रिलेला नुसतं इशारा द्यायला वापरा, करंट बॅटरीकडून घ्या.

मूळ गाडीची अल्टरनेटरची वायरही त्या काळच्या लहान अल्टरनेटरच्या मापाची असते. ट्रकचा १०५ किंवा १४५ ॲम्पिअरचा अल्टरनेटर बसवला असेल तर ती बदलायलाच हवी, यात चर्चा नको.

उरलंसुरलं

क्रँक सेन्सर या इंजिनात उजव्या बाजूला स्टार्टरच्या मागे लपलेला असतो, हेडरच्या कुशीत. बटण दाबल्यासारखी बंद पडलेली गाडी स्टार्टर देताना स्कॅनरवर आरपीएम शून्य दाखवत असेल तर तोच. नवा घेताना रंग बघा: काळा क्रँकवरच्या २४ दात्यांच्या चक्राचा, राखाडी ५८ चा. बसवल्यावर स्टार्टर आणि हेडरच्या मधे उष्णतारोधक पत्रा टाका, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

इंजिन खरोखरच तापत असेल तर वरचं सगळं दुप्पट वेगाने होतं. तिथे रेडिएटर मोठा करण्याआधी हेडवरचे वाफेचे मार्ग तपासा. एलएसच्या हेडच्या टोकांना बारीक नळ्या निघतात. त्या बुजवून टाकायच्या नसतात, रेडिएटरच्या वरच्या भागाला किंवा सर्ज टँकला जोडायच्या असतात. शिवाय या इंजिनाचा थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला असतो, त्यामुळे कूलंट भरताना हवा आत अडकते. गाडीचं नाक उंच करून, सावकाश भरा.

पैसे बेताचे असतील तर आधी अर्थिंगच्या पट्ट्या आणि रिलेची वायर, मग झाकण आणि फिल्टर, मग मागचा रेग्युलेटर, आणि सगळ्यात शेवटी टाकी. दर टप्प्याला गेज काचेवर लावून तीच परीक्षा द्या: पाव टाकी, एसी चालू, दोन्ही पंखे चालू, गाडी गियरमध्ये, ब्रेकवर पाय, अर्धा तास. काटा हलला नाही तरच पुढच्या गर्दीत न्या. बाहेरच्या पंपावरच दिवस काढायचे असतील, तर उन्हाळ्यात टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका.